यानाचं दुसरं दार

आमच्या दाजींना दारं कळतात, बाकी काही कळत नाही. हे मी रागाने म्हणतोय असं वाटेल, आणि ते तसंच आहे. ताईचा नवरा म्हणून मी त्यांचा मान ठेवतो, पण मान ठेवणं आणि डोकं टेकणं यात फरक आहे.

दाजींचं कडी-कोयंड्यांचं दुकान आहे. बिजागऱ्या, बोल्ट, कुलपं, किल्ल्या. दारावर नुसती टकटक केली तरी लाकूड कुठे फुगलंय ते सांगतील. गावभराची अडलेली दारं त्यांनी सोडवली, पण स्वतःच्या बाथरूमची कडी तुटून वर्षं झाली, तिला हात लावलेला नाही. आत असणाऱ्याने मोठ्याने खाकरायचं, अशी त्या घरची रीत आहे. ताई अनेकदा म्हणाली, "अहो, एक कडी आणा ना दुकानातून." दाजी म्हणतात, "आणतो." आणि लगेच यानात जाऊन बसतात.

यान म्हणजे मालिकेतलं. दाजी लहान होते तेव्हा काळ्या-पांढऱ्या टीव्हीवर एक मालिका लागायची. सात-आठ माणसं एका यानात बसून अंतराळात भटकतात. एक कप्तान, एक वैद्य, एक स्वयंपाकी, बाकीची बटणं दाबायला. यान म्हणजे पत्र्याचा डबा आडवा केलेला. तारे म्हणजे काळ्या पडद्याला पाडलेली भोकं, मागून दिवा. एका भागात कुठूनतरी वारा आला असावा, कारण पडदा हलतो आणि सगळं आकाश लाटा मारायला लागतं. शहाण्या माणसाने हे बघून हसावं आणि विसरून जावं. दाजींनी त्यावर आयुष्य ओवाळून टाकलं.

आणि ते एकटे नव्हते, हे आणखी वाईट. एकटा माणूस वेडा असला तर घरचे सांभाळून घेतात. वेड्यांची सभा भरली की तिला अध्यक्ष लागतो, चहा लागतो आणि ठराव लागतात.

ही सभा भरायची फुग्याच्या टायरच्या दुकानात. फुग्या म्हणजे दाजींचा लहानपणापासूनचा दोस्त. गाल फुगलेले आणि धंदा हवा भरण्याचा, त्यामुळे ते नाव चिकटलं ते चिकटलंच. मी तोंडावर त्याला शेठ म्हणायचो, मागे फुग्याच. दोघांनी पोरवयात शेजाऱ्यांच्या खिडकीला लटकून ही मालिका पाहिली होती. एकाला उंची कमी पडायची म्हणून दुसरा खांद्यावर घ्यायचा, आणि मग निम्मा भाग संपला की अदलाबदल. पुढे कधीतरी जुन्या भागांच्या टेपा मिळाल्या आणि दोघांनी उरलेला निम्मा निम्मा भाग पाहिला. तिथून यांचं बिनसलं, असं माझं मत आहे.

दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी जुन्या टायरांवर बूड टेकून ही सात-आठ मंडळी बसत. भूमितीचे एक निवृत्त मास्तर होते, ते टीव्हीच्या काचेला फूटपट्टी लावून कप्तानाच्या खुर्चीची उंची मोजत. एक विमावाला होता. त्याला कशातलंच काही कळत नसे, पण तो "मुद्दा आहे" असं दर पाच मिनिटांनी म्हणे, त्यामुळे विद्वान ठरला होता. यान थांबल्यावर टेबलावरचा कप तरंगत का नाही? वैद्याच्या खोलीत खिडकी आहे, पण यानाला बाहेरून ती दिसत का नाही? पन्नाशी उलटलेले बाप्ये या प्रश्नांचा कीस पाडत बसायचे. मी हॉस्पिटलात एक्स-रे काढतो. दिवसभर मोडकी हाडं बघून संध्याकाळी ताईकडे जावं, तर दाजी दारातच विचारणार, "काय फोटोवाले, हवेशिवाय आवाज ऐकू येईल का?" मी म्हणायचो, "दाजी, हवा असून तुम्हाला ताईचा आवाज ऐकू येत नाही, त्याचं बघा आधी."

मग दाराचा वाद निघाला, आणि होतं नव्हतं ते सगळं विस्कटलं.

वाद असा. यानाला एक दार आहे, ते प्रत्येक भागात दिसतं. वादळाच्या भागात कप्तान बाहेरून यान दुरुस्त करायला जातो. काचेचं शिरस्त्राण घालतो, दार उघडतो, बाहेर जातो. बाहेर हवा नाही. मग दार उघडल्यावर आतली सगळी हवा निघून जायला हवी. दाजींचं म्हणणं, दार एकच आहे. बाहेर पडायच्या आधी यान आतली हवा टाक्यांमध्ये ओढून घेतं, मग दार उघडतं, मग हवा परत सोडतं. फुग्याचं म्हणणं, हे अशक्य. कारण त्याच वेळी स्वयंपाकी आत एप्रन घालून उभा आहे, डोक्यावर काही नाही. हवा ओढली असती तर तो जागच्या जागी मेला असता. म्हणून बाहेरच्या दाराच्या आत दुसरं एक दार असलंच पाहिजे, फक्त ते पडद्यावर कधी आलेलं नाही.

दाजी म्हणत, "दिसलं नाही म्हणजे नाही. मी दारवाला आहे, मला सांगू नको."

फुग्या म्हणे, "मी हवेवाला आहे. माणूस आत जिवंत आहे म्हणजे दार आहे."

मालिका करणाऱ्यांकडे दुसऱ्या दाराला लाकूड नसेल, किंवा अक्कल नसेल, ही साधी गोष्ट कुणाच्या डोक्यात येत नव्हती. मी एकदा बोललो, तर मास्तरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी त्यांच्या भर वर्गात जांभई दिली.

एका दुपारी वाद हातघाईवर आला. फुग्या म्हणाला, "तुझ्या डोक्यालाच एक दार आहे, आणि तेही गंजलंय." दाजी म्हणाले, "आणि तू जन्मभर दुसऱ्यांच्या चाकात हवा भरलीस, ती तुझ्या डोक्यात शिरली." इथवर ठीक होतं, असलं ते रोज बोलायचे. पण मग विमावाला म्हणाला, "मतदान घेऊ." हात वर झाले. मास्तर आणि विमावाला दाजींकडे, बाकीचे फुग्याकडे. दाजी हरले. ज्याच्या खांद्यावर बसून मालिका पाहिली त्याने आपल्याला चार लोकांत पाडलं, हे त्यांच्या फार जिव्हारी लागलं. उठले, टायरची काळी धूळ झटकली आणि निघून आले. तीन वर्षं दोघांत विस्तव जात नव्हता. एका गल्लीचं अंतर. समोरून फुग्या दिसला की दाजी एखाद्या दुकानाच्या दाराची बिजागरी तपासायला लागत.

सभेचे दोन तुकडे झाले. एकदारी आणि दोनदारी. ही नावं त्यांनी स्वतःच घेतली, अभिमानाने. दोनदारी टायरच्या दुकानात राहिले. एकदारी म्हणजे दाजी, मास्तर आणि विमावाला, आमच्या ताईच्या बैठकीच्या खोलीत आले. ताई बिचारी चहाचे कप विसळत राही. फुग्याची बायको आणि ताई मात्र भाजी आणायच्या निमित्ताने एकमेकींना गाठत, नवऱ्यांच्या नावाने बोटं मोडत आणि घरी येऊन काही झालंच नाही असा चेहरा ठेवत. त्या दोघींना कुणी सभेत घेतलं असतं तर सगळा प्रश्न एका दुपारीत मिटला असता.

मग एके दिवशी माझ्या खोलीत फुग्या आला. चालत नाही, चाकाच्या खुर्चीवर. गाल कुठे गेले होते कोण जाणे. मी म्हटलं, "शेठ, श्वास घ्या आणि धरून ठेवा." तो म्हणाला, "घेता येईना म्हणून तर आलोय." मी छातीचा फोटो काढला. फुप्फुसं काळी दिसायला हवीत, हवेची जागा काळी दिसते. त्याची दोन्ही बाजूंनी पांढरी होती. वर थोडी काळी किनार उरली होती, तेवढ्यावर माणूस चालू होता. मोठ्या डॉक्टरांनी फोटो पाहिला आणि वहिनींना, म्हणजे फुग्याच्या बायकोला, बाहेर बोलावून घेतलं. म्हणाले, घरच्यांना, जवळच्यांना बोलवून घ्या.

वहिनी दुसऱ्या दिवशी ताईकडे आल्या. दाजी बैठकीत बसले होते, मीही होतो. त्या उभ्या उभ्याच म्हणाल्या, "भाऊजी, ते तुमची आठवण काढतायत. एकदा येऊन जा. फार दिवस नाहीत."

दाजींच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, हे मी पाहिलं. उठतील असं वाटलं. पण माणूस एकदा हट्टाला पेटला की त्याला विझायलाही लाज वाटते. ते म्हणाले, "दाराचं काय म्हणतोय तो?"

"कसलं दार?" वहिनींना आधी कळलंच नाही.

"त्याला सांगा, दार एकच आहे हे मान्य कर. मग येतो."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी म्हटलं, "दाजी, माणूस मरतोय तिकडे! फोटो मी काढलाय. पत्र्याच्या डब्याचं दार घेऊन बसलायत होय तुम्ही?"

"तत्त्वाचा प्रश्न आहे," दाजी म्हणाले. पण माझ्याकडे न बघता.

वहिनी पदर सावरून निघून गेल्या. ताईने आतून येऊन समोरचा चहा उचलला आणि मोरीत ओतला. त्या दिवसापुरती ती त्यांच्याशी बोलली नाही. दाजींना वाटलं असेल, फुग्याला राग येईल, तो उलटा निरोप धाडेल, चार शिव्या देईल. त्या शिव्यांना उत्तर द्यायच्या निमित्ताने तर ते निघणार होते. मला हे आता सुचतंय. तेव्हा मी त्यांना मनातल्या मनात जेवढं म्हणता येतं तेवढं म्हणून घेतलं.

शिव्या आल्या नाहीत. सकाळी वहिनींचा फोन आला. "ते म्हणतायत, मान्य आहे. या."

दाजी फोन ठेवून खुर्चीत बसले. मग उठले, मग परत बसले. मला वाटलं, आता तरी लाजतील. कसलं काय! त्यांनी मास्तरांना फोन लावला, मास्तरांनी विमावाल्याला. इस्त्रीचे शर्ट घालून तिघे हॉस्पिटलच्या दारात हजर. एखाद्या मरणाऱ्या माणसाला भेटायला कुणी साक्षीदार घेऊन जातं का? हे गेले. मास्तरांनी मोबाइल आणला होता, फुग्याचं म्हणणं रेकॉर्ड करून दोनदारीवाल्यांना ऐकवायला. विमावाला म्हणाला, "पुढे कुणी नाकारायला नको." मला दोघांची गचांडी धरून बाहेर काढावंसं वाटत होतं. पण वॉर्डात आवाज करता येत नाही, आणि वहिनी म्हणाल्या, "येऊ द्या सगळ्यांना. त्यांनीच सांगितलंय."

फुग्या उशांना टेकून बसला होता. आडवं झालं की जीव घुसमटायचा. तोंडावर मास्क, त्याच्या नळीतून हवा येण्याचा आवाज. दाजी दारातच थबकले. तीन वर्षांत नीट पाहिलंच नव्हतं त्यांनी त्याला. त्यांच्या डोक्यातला फुग्या अजून गाल फुगवून भांडत होता, आणि हा खाटेवरचा माणूस वेगळाच निघाला.

मास्तरांनी मोबाइल पुढे धरला. "जरा मोठ्याने बोला हं, शेठ," असं ते म्हणाले, ज्याला श्वास पुरत नाही त्याला.

फुग्याने मास्क खाली ओढला. "दार एकच," तो म्हणाला. थांबला. पुन्हा हवा घेतली. "तुझं खरं होतं. आता बस इथे."

"आलं, स्पष्ट आलं," मास्तर म्हणाले. विमावाल्याने मान डोलावली.

दाजी बसले नाहीत. त्यांचा चेहरा मी बघत होतो. जिंकलेल्या माणसाचा चेहरा असा नसतो. शाळेच्या वयापासून या माणसाने त्यांची एकही गोष्ट बिनभांडण कबूल केली नव्हती, साधं आज वार कुठला यावरसुद्धा नाही. तो आता एका वाक्यात सगळं सोडून देत होता.

"खोटं बोलतोयस तू," दाजी म्हणाले.

फुग्याने नाही म्हणून मान हलवली.

"खोटं बोलतोयस! अरे, मग स्वयंपाकी?" दाजींचा आवाज चढला, शेजारच्या खाटेवरचा पेशंट वळून बघायला लागला. "कप्तान बाहेर गेला तेव्हा स्वयंपाकी कुठे होता? आत होता ना? एप्रन घालून? डोक्यावर काही होतं का त्याच्या?"

"नाही," फुग्या म्हणाला.

"हवा गेली असती तर मेला असता की नाही? मेला का तो? पुढच्या भागात कांदे चिरत होता!"

"होता," फुग्या म्हणाला. त्याच्या डोळ्यांत थोडं हसू आलं.

"मग? दुसरं दार आहे. आतल्या बाजूला. असणारच."

"अहो, अहो," विमावाला त्यांची बाही ओढायला लागला, "आपली बाजू एकदाराची..."

"तुम्ही गप्प बसा हो!" दाजी ओरडले. सिस्टर धावत आली, मी तिला हाताने थांबवलं. ते खाटेच्या कडेवर बसले आणि फुग्याचा हात धरला, सुया टोचलेला, सुजलेला. "ते दिसलं नाही कारण कॅमेरा त्या बाजूला वळलाच नाही. बाहेरचं दार उघडलं तरी आतलं बंद असतं. आतल्याला काही होत नाही."

फुग्याने हवा घेतली. मग त्याने विचारलं, "नक्की?"

तो आवाज मला ओळखीचा होता. एक्स-रेच्या टेबलावरून उठताना, शर्टाची बटणं लावता लावता माणसं मला 'काही गंभीर नाही ना?' असं विचारतात त्यातला.

"मी दारवाला आहे," दाजी म्हणाले. "नक्की."

फुग्याने डोळे मिटले. वहिनींनी मास्क वर सरकवला. दाजी संध्याकाळपर्यंत तिथेच बसून होते, साक्षीदार कधी निघून गेले ते त्यांना कळलंही नाही. त्याच आठवड्यात फुग्या गेला.

पुढची गोष्ट सांगायलाही शरम वाटते. मास्तरांनी त्या रेकॉर्डिंगमधलं सुरुवातीचं वाक्य तेवढं कापून ठेवलं आणि भेटेल त्याला ऐकवत सुटले. "दार एकच." मरणाऱ्या माणसाचा धापा टाकणारा आवाज, आणि हे त्यावर टाळ्या घेणार. दाजींना एकदारीतून काढून टाकलं, फितूर म्हणून. दोनदारीवाल्यांनी घेतलं नाही, तीन वर्षं छळलंत म्हणून. दाजींचं त्यावाचून काही अडलं नाही. ते आता दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांना सांगतात. माणूस बिजागरी घ्यायला येतो आणि अंतराळयानाचं दुसरं दार ऐकून जातो. लोक हसतात. ताई म्हणते, "असू दे." मला मात्र बघवेना.

परवा मी दुकानात गेलो. दाजी कुणाची तरी किल्ली घासत होते, आणि समोरच्या गिऱ्हाइकाला स्वयंपाकी आणि त्याचा एप्रन समजावून सांगत होते. गिऱ्हाईक पैसे देऊन सुटलं. मी म्हटलं, "दाजी, पुरे करा आता. ताईच्या घरी तुमच्या त्या सभा मी ऐकल्यात, त्या टेपा मीही पाहिल्यात. शेवटच्या भागात कॅमेरा आतून पूर्ण फिरतो. ती बाजू दिसते. तिथे कोरी भिंत आहे. दुसरं दार नाहीये."

दाजींनी किल्लीवरचा कीस फुंकला.

"माहीत आहे," ते म्हणाले. "मी तो भाग तुझ्या आधी पाहिलाय. त्यानेही पाहिला होता."

"मग तुम्ही त्याला नक्की म्हणून कसं सांगितलंत?"

"तू तिथेच होतास ना? फोटो तूच काढला होतास." ते पुन्हा किल्ली घासायला लागले. "त्याने तुला विचारलं असतं, तर तू काय सांगितलं असतंस?"

मला रोज विचारतात. मी रोज एकच सांगतो, डॉक्टरांना विचारा.